हरळी उपटून लॉन

१८३० साली इंग्लंडमध्ये एडविन बडिंग नावाच्या एका कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. गिरणीत लोकरी कापडावरची लव कातरून ते गुळगुळीत करणारे यंत्र त्याने पाहिले होते. कापड जसे कातरता येते तसे गवतही कातरता येईल, हे त्याच्या डोक्यात आले. पुढच्याच वर्षी, २६ जानेवारी १८३१ रोजी, कंपनी सरकारने कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला नंदगडजवळ वडाच्या झाडाला फाशी दिले. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण नंदगडला गेलो की मला दोन्ही एकदम आठवतात. रायण्णाच्या समाधीवर वड उभा आहे, लोक त्याला हात जोडतात, नवस बोलतात. आणि त्याच गावात आता नव्या बंगल्यांच्या पुढे बडिंगच्या यंत्राची नातवंडे-पतवंडे घरघरत असतात. इंग्रज गेला, त्याचे गवत मात्र राहिले!

मंडळी, आज मला लॉनविषयी बोलायचे आहे. विषय किरकोळ वाटेल. सीमाप्रश्न, म्हादई, भाषावाद असे मोठमोठे विषय असताना हा कारकून गवत काय कापत बसला आहे, असेही कुणी म्हणेल. पण माझे म्हणणे असे की, माणसाला आपल्या मातीविषयी खरोखर काय वाटते ते त्याच्या भाषणात कळत नाही, त्याच्या अंगणात कळते.

नंदगड आपल्याला परके नाही. अनमोड घाट चढून लोंढ्यावरून खानापूर गाठले की तिथून ते हाकेच्या अंतरावर. एके काळी गोव्याचे मीठ, नारळ, सुपारी या पेठेत उतरत असे आणि वरच्या घाटातले धान्य खाली येत असे. जवळच हलशी, गोव्याच्या कदंबांचे ठाणे. १९६७ च्या महाजन आयोगाच्या अहवालात निपाणी, खानापूर यांच्याबरोबर नंदगडही महाराष्ट्राला द्यावे असे म्हटले होते. ते कागदावरच राहिले. त्या गावात आजही एका घरात मराठी आणि शेजारच्या घरात कन्नड ऐकू येते. आपण जिला हरळी किंवा दूर्वा म्हणतो तिला शेजारचे कन्नड घर ‘गरिके’ म्हणते, आणि चतुर्थीला दोन्ही घरे तीच जुडी गणपतीच्या मस्तकावर ठेवतात. पाट्या कुठल्या भाषेत असाव्यात यावर भांडण होते, दूर्वेवर अजून झालेले नाही.

माझी मावशी नंदगडची. तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, बाहेरगावची नोकरी संपवून गावी परतला आणि जुने कौलारू घर पाडून त्याने बंगला बांधला. घराविषयी माझी तक्रार नाही. ज्याचे त्याला ठाऊक. पण घरापुढे जे हजारभर चौरस फुटांचे अंगण होते, ते एका कंत्राटदाराने आठ दिवसांत खरवडून काढले. त्यावर बाहेरून आणलेली लाल माती पसरली आणि सतरंजी अंथरावी तशा गवताच्या गुंडाळ्या उलगडून ठेवल्या. ‘मेक्सिकन लॉन’ म्हणे! वास्तविक या नावाखाली विकले जाते ते बहुतेक झोयशिया कुळातले गवत असते, आणि ते कूळ आशिया-ऑस्ट्रेलियाकडचे. मेक्सिकोशी त्याचा काडीचाही संबंध नाही. पण ‘मेक्सिकन’ म्हटले की भाव वाढतो. नावाची गंमत इथेच संपत नाही. अमेरिकेत लोक ‘बर्म्युडा ग्रास’ म्हणून ज्याचे बी पैसे मोजून आणतात, ती आपली हरळीच. तिथे ती बर्म्युडा होऊन बंगल्यापुढे मिरवते, इथे आपण तिला कुदळीने खणून काढतो.

कंत्राटदार सांगून गेला, रोज दोन वेळा पाणी. दादा इमानेइतबारे पाणी घालू लागला. पहिल्या पावसाळ्यात गवत छान माजले. दुसऱ्या पावसाळ्यात जिथे पाणी साचत होते तिथे चकत्या-चकत्यांनी कुजले. तिसऱ्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली तेव्हा लॉनसाठी कूपनलिका खणली गेली. आणि गंमत अशी की कुजलेल्या प्रत्येक चकतीतून कोण डोके वर काढत होते? हरळी! खरवडून, उपटून, वर दुसरी माती टाकूनही ती खालून आली. ‘हरळीच्या मुळीसारखा वंश वाढो’ असा आशीर्वाद आपली म्हातारी माणसे उगाच देत नसत. दादाने कंत्राटदाराला फोन केला. तो म्हणाला, “ते देशी गवत आहे, तण आहे, औषध मारा, जळून जाईल.” दादाने औषध मारले. आणि पुढच्या महिन्यात चतुर्थीला खानापूरच्या बाजारातून दूर्वेच्या जुड्या विकत आणल्या.

मी म्हटले, “दादा, ही दूर्वा आणि ते तण एकच रे.”

“असेल की,” तो म्हणाला, “पण ते लॉनमध्ये नको दिसायला. लॉन एकसारखं दिसायला पाहिजे.”

या एका वाक्यात सगळा रोग आहे. लॉन एकसारखे दिसायला पाहिजे. बारा महिने हिरवे, एका उंचीचे, एका जातीचे, वर एकही पान पडलेले नको, कुणाचे पाऊल उमटलेले नको. जिवंत वस्तूकडून ही अपेक्षा करणे म्हणजे तिने जिवंत असू नये अशी अपेक्षा करणे. मग प्लास्टिकचे गवत काय वाईट? ते तर आता पणजी-म्हापशात गॅलऱ्यागॅलऱ्यांतून दिसतेच. ऊन लागले की तापते, पावसात खालून कुबट वास मारते, पण एकसारखे दिसते खरे!

आता लॉनचा जन्म कुठला ते पाहा. इंग्लंडचे हवामान असे की बाराही महिने थोडाथोडा पाऊस, सौम्य ऊन. तिथे गवत आपोआप हिरवे राहते. बडिंगच्या यंत्राआधी ते मेंढ्या चरून किंवा विळ्याने कापून आखूड ठेवत. ज्याच्याकडे इतकी जमीन आहे की त्यावर धान्य न पिकवता नुसते गवत राखले तरी चालते, असा जमीनदार म्हणजे लॉनचा मालक. म्हणजे लॉन ही मुळात श्रीमंतीची जाहिरात होती. अमेरिकेने ती जाहिरात घरोघर नेली. २००५ साली उपग्रहांच्या चित्रांवरून काढलेल्या एका प्रसिद्ध अंदाजाप्रमाणे त्या देशात लॉनखालची जमीन सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर होती, पाणी पाजून पिकवलेल्या मक्याच्या जवळजवळ तिप्पट. आणि ज्याने खायला एक दाणाही मिळत नाही असे हे सर्वांत मोठे पाणथळ पीक! शेवटी तिथल्यांनाही ते झेपेना. नेव्हाडा राज्याने २०२१ मध्ये कायदाच केला. घरांची लॉन त्यातून वगळली, पण दुकाने-कचेऱ्यांपुढे नि रस्त्यांच्या कडेला केवळ शोभेसाठी राखलेल्या गवताला कोलोराडो नदीचे पाणी २०२७ पासून द्यायचे नाही असे ठरवले. म्हणजे ज्यांच्याकडून आपण ही फॅशन उचलली ते ती सोडायच्या मार्गावर आहेत, आणि आपण आता कुठे गुंडाळ्या उलगडतो आहोत.

हिशेब करून पाहू. आम्हां सरकारी कारकुनांना दुसरे काही येत नसले तरी बेरीज-वजाबाकी येते. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपल्याकडच्या उन्हाळ्यात गवत हिरवेगार ठेवायचे तर दिवसाला साधारण पाच मिलिमीटर पाणी हवे. म्हणजे रोज ४६५ लिटर. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर हे माप धरले आहे. एका मध्यम लॉनचे पाणी म्हणजे आठ माणसांचे पिणे, अंघोळ, धुणी-भांडी सगळे. फेब्रुवारी ते मे हे चार महिने धरले तर सुमारे ५६ हजार लिटर, दहा हजारी टँकर साडेपाच. हे सगळे कशासाठी? तर जे गवत निसर्गाच्या नियमाने पिवळे व्हायचे ते पिवळे होऊ नये म्हणून!

आणि इथे म्हादईचा विषय येतो. म्हादई याच खानापूर तालुक्यात उगम पावते, मग गोव्यात येऊन मांडवी होते. २०१० मध्ये लवाद नेमला गेला, १४ ऑगस्ट २०१८ ला निवाडा आला. कर्नाटकाला १३.४२, गोव्याला २४ आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी. आपण मोर्चे काढले, सभा घेतल्या, ‘म्हादई आमची आई’ म्हटले. बरोबरच केले. कुणाच्या घरच्या लॉनमुळे म्हादई आटते असा खुळचट आरोप मी करणार नाही. टीएमसीचे माप फार मोठे असते आणि तिथले भांडण धरणा-कालव्यांचे आहे. माझा मुद्दा वेगळाच आहे. नदीला आई म्हणणारा माणूस सभेहून घरी येतो आणि पाइप सोडून गवताला रोज पाणी पाजतो, तेव्हा त्याची घोषणा कुठल्या मापाने मोजायची? पाण्याचा थेंबन् थेंब अमूल्य आहे हे आपण घाटावरच्यांना सांगतो. ते आधी आपल्या नळाला सांगायला नको का?

कुणी म्हणेल, मग काय फरशा घालायच्या? अजिबात नाही! लॉनपेक्षा वाईट काही असेल तर ते अंगणभर ठोकलेले पेव्हर ब्लॉक. दिवसभर तापतात, रात्रभर घरात उष्णता सोडतात, आणि पावसाचे पाणी मातीत न मुरता रस्त्यावर लोटून देतात. मग तेच लोक ‘आमच्या वाड्यावर पाणी तुंबते’ म्हणून पंचायतीला अर्ज करतात. (असले अर्ज मी स्वतः आवक-जावक रजिस्टरात चढवले आहेत, म्हणून सांगतो.) गवत चांगलेच आहे. ते माती धरून ठेवते, धूळ दाबते, पाणी मुरवते, पोरांना पडायला-लोळायला जागा देते. माझे भांडण गवताशी नाही. माझे भांडण गवताला त्याचा धर्म सोडायला लावणाऱ्या हौसेशी आहे.

आपल्या भूमीतल्या गवताचा धर्म काय आहे, हे बघायचे असेल तर कुठल्याही सड्यावर जा. जांभ्या दगडाचा तो माळ मे महिन्यात भकास दिसतो, जणू काहीच उरलेले नाही. पहिला पाऊस पडला की आठवड्याभरात हिरवा होतो, श्रावणात फुलतो, दिवाळीनंतर सोनेरी होतो आणि पुन्हा झोपतो. पिवळे गवत मेलेले नसते. ते पाणी जपून जमिनीत मुळे धरून बसलेले असते. आपल्या वाडवडिलांचे अंगण याच लयीत चालत असे. पावसाळ्यात गवत वाढू द्यायचे, पाऊस सरला की ते खरवडायचे, माती चोपून सपाट करायची, शेणाने सारवायची, तुळशीच्या लग्नाला अंगण तयार! मग त्याच अंगणात सोले वाळत, मिरच्या वाळत, भात पडे, मांडव उभा राही, दशावतारी येत. चार महिने गवताचे, आठ महिने माणसांचे. अंगण ही घराची सर्वांत मोठी खोली होती.

लॉन आले आणि ही खोली बंद झाली. मावशीची गोष्ट सांगतो. वय वर्षे अठ्ठ्याहत्तर. पन्नासेक वर्षे ती त्या अंगणात वावरली. आता बंगल्याच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसते. मी गेलो तेव्हा म्हणाली, “अरे बाबा, गवतावर पाय ठेवू नको म्हणतो माझा लेक. पापड वाळत घालू नको म्हणतो, डाग पडतात म्हणे. तुळस बाजूला नेली. मग मी अंगणात जाऊन करू काय? बघत बसू होय?” दादा वाईट मुलगा नव्हे. आईच्या औषधपाण्यात तो काही कमी करत नाही. पण जे गवत आईच्या पायाखाली आले तर बिघडते, ते गवत त्या घरात कोणासाठी आहे? रस्त्याने जाणाऱ्यासाठी! म्हणजे शेवटी जाहिरातच.

टीका करून मोकळे होणे सोपे. म्हणून आता उपाय. ज्यांनी आधीच लॉन घातले आहे आणि ते आता चकत्या पडून दीनवाणे झाले आहे, त्यांनी नव्या गुंडाळ्या मागवायच्या आधी एवढे करून पाहावे.

पहिले, उन्हाळ्यात गवत पिवळे पडले तर घाबरू नका. एक काडी मुळासकट उपटून बघा. जमिनीतली मुळी टणक नि पांढरी असेल तर ते जिवंत आहे. महिन्यातून दोनदा सकाळच्या वेळी जरा खोल पाणी दिले तरी हरळी तग धरते, नाही दिले तरी बहुधा धरते. रोज शिंतोडे मारणे सर्वांत वाईट. त्याने मुळे वरच्या वर राहतात आणि गवत कायमचे लाडावते.

दुसरे, पहिले पाऊस झाले की जमीन मोकळी करा. बंगले बांधताना ट्रक आणि वाळू-खडीच्या ढिगांनी अंगणाची माती दगडासारखी दाबली जाते. लॉन मरण्याचे खरे कारण पुष्कळदा तेच असते. पहारीने वीतभर अंतरावर चार-चार बोटे खोल भोके पाडा आणि वर चाळलेले शेणखत नि वाळू यांचा अर्ध्या इंचाचा थर पसरून झाडूने भोकांत लोटा. आपली जांभी माती आम्ल असते म्हणून कुणी चुना टाकायला सांगेल. माती तपासल्याशिवाय टाकू नका. पाणी साचत असेल तिथे आधी उतार द्या. उतार न देता लावलेले कुठलेही गवत आपल्या पावसाळ्यात कुजणारच.

तिसरे, रिकाम्या चकत्यांत हरळीच लावा. शेताच्या बांधावर फुकट मिळते. दोन-तीन पेरांचे तुकडे करून चार-चार बोटांवर खोचा, वरून पायाने दाबा. जून-जुलैचा पाऊस बाकीचे काम करतो. आंब्या-फणसाच्या गडद सावलीत ती येणार नाही. तिला ऊन हवे. तिथे अट्टाहास करू नका, झाडाखाली पाचोळाच शोभतो.

चौथे, कापणी. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त कापू नका, दीडेक इंच राहू द्या. गालिच्यासारखे भुईसपाट केले की ऊन थेट मातीला लागते आणि तण उगवते. कापलेले बारीक गवत तिथेच पडू द्या. तेच खत.

पाचवे, तणनाशकाची बाटली घरात आणू नका. लव्हाळा वरून तोडून जात नाही, पावसात माती मऊ असताना त्याच्या गाठी खणून काढाव्या लागतात. गाजर गवत फुलावर यायच्या आधी हातमोजे घालून उपटा. ग्लायफोसेटसारखे औषध प्रशिक्षित कीडनियंत्रकांशिवाय कुणी वापरू नये असे केंद्र सरकारने २०२२ मध्येच बजावले आहे. ज्या मातीतली दूर्वा देवाला वाहायची, ज्या मातीत नातवंडे रांगायची, तिथे ते कशाला?

आणि शेवटचे, सगळे अंगण गवताला देऊ नका. तुळशीभोवती, दारापुढे थोडी मोकळी माती ठेवा. म्हातारीला सडा घालू द्या, रांगोळी काढू द्या, पापड वाळू द्या. गवतावरून माणसे चालू देत. हरळी पायाखाली तुडवली तरी मरत नाही. ती तुडवून घेण्यासाठीच जन्माला आली आहे.

हे सगळे केले तर मे महिन्यात तुमचे अंगण पिवळे दिसेल. पाहुणे विचारतील, “लॉन सुकलं का हो?” तेव्हा मान खाली घालायचे कारण नाही. सांगा त्यांना, सुकले नाही, झोपले आहे. जूनमध्ये या.

राहता राहिले कंत्राटदार. ते गुळगुळीत कागदावर छापलेला नमुना घेऊन तुमच्या दारात येतील, हिरव्या सतरंजीचे फोटो दाखवतील, मेक्सिकन, कोरियन काय काय नावे सांगतील. त्यांच्याशी वाद घालू नका. एवढेच विचारा की, हे गवत पाण्याशिवाय मे महिना काढील काय, आणि चवथीला त्यातली एकवीस पाती गणपतीला वाहता येतील काय? दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल, तर त्याला चहा द्या आणि पाठवून द्या.